मागाच्या खड्ड्यातली धुरी

अड्याळहून येणारी एसटी पवनीच्या स्टँडवर थांबली तेव्हा रुपाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता घरी जाऊन पुन्हा ती घरघर ऐकायची. दुसरा विचार पहिल्याची लाज वाटून आला. निदान घरघर ऐकू तरी यावी.

ती तिकडे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखत होत्या, खांद्यावर तपासायच्या पेपरांची पिशवी होती, आणि घरी दोन जीव वाट पाहत होते: एक म्हातारे वडील आणि एक आजारी मांजर. दोघांपैकी कोणाचं आधी पाहायचं हा प्रश्न तिला रोज दारात पडे आणि रोज मांजराचाच नंबर आधी लागे, कारण वडिलांची तब्येत मांजराच्या तब्येतीवर अवलंबून होती.

"खाल्लं काय तिनं?" चपला काढता काढता तिनं विचारलं.

"नाही," तिचे वडील, सेवकराम, म्हणाले. ते मागाच्या काठाला टेकून बसले होते. "दूधभात ठेवला. नुसती पाहून राहिली. मग मीबी नाही खाल्लं."

"तुम्ही काहून नाही खाल्लं?"

"एकट्यानं कसं खावं?"

रुपानं झाकण काढून पाहिलं. पातेल्यात भात तसाच होता, वर सुकून कडक झालेला.

मांजराचं नाव कांडी. धोट्यात सुताची नळी बसते ती कांडी. पिल्लू असताना ती आईच्या चरख्याजवळच्या भरलेल्या कांड्या घरभर घरंगळत न्यायची, तेव्हा आईनं वैतागून ठेवलेलं नाव. विणकराच्या घरात मांजर हौसेनं नसतं. ताण्याला खळ लावलेली असते, आणि खळीच्या वासानं उंदीर येतात. मांजर असलं म्हणजे सूत वाचतं. आता माग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. सेवकरामांचे गुडघे गेले आणि गल्लीतले इतर मागही एकेक करत थांबले. पण माग काढायचा विषय कोणी काढला नाही आणि मांजरही राहिलं. राधाबाई, म्हणजे रुपाची आई, अंथरुणाला खिळली तेव्हा कांडी तिच्या पायांवर निजायची. आई गेली त्याला दोन हिवाळे झाले. त्यानंतर सेवकराम बोलायचे ते कांडीशीच जास्त. कांडी गेली तर बाबा पुन्हा उभे राहायचे नाहीत, हे रुपा स्वतःशीसुद्धा नीट शब्दांत म्हणत नव्हती. पण रोज बसमध्ये बसलं की तेच मनात असे.

कांडी मागाच्या खड्ड्यात होती. विणकर पाय सोडून बसतो तो खड्डा. थंडीत तिथं ऊब असते. रुपानं वाकून तिला उचललं. डोळे चिकटलेले, नाकपुड्यांवर पिवळट खपली, तोंड किंचित उघडं. वजन कमी झालेलं हाताला कळत होतं. तिनं कोमट पाण्यात मीठ घातलं, कापसाच्या बोळ्यानं डोळे पुसले, मग नाक. कांडीनं विरोध केला नाही. तेच रुपाला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि कांडीला वेताच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. अंगणात लोखंडी खोड्यात एक बैल अडकवलेला होता आणि ओसरीवर शेळ्या घेऊन माणसं बसली होती. टोपली पाहून एकानं विचारलं, "मांजरीलेबी दवाखाना लागते काय, मॅडम?"

"लागते. तुमच्या शेळीले लागते तसाच."

"आमच्याकडं मांजर शिंकली तर माणूस घराबाहेर पडत नाही," तो म्हणाला. "बस, तेवढाच इलाज."

बाकीचे हसले. रुपाही थोडं हसली. हसायला जेवढी ताकद लागते तेवढी होती.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. त्यांनी आधीच सांगून टाकलं की इथं मांजर क्वचित येतं, पण शिकताना पाहिलेली आहेत. त्यांनी ताप पाहिला, तोंड उघडून जीभ पाहिली, जिभेच्या कडेचा व्रण दाखवला. बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं.

"विषाणूची सर्दी आहे, मॅडम. त्याच्यावर थेट औषध माझ्याकडे नाही, तो आपला वेळ घेतो. हे देतो ते त्याच्या मागून घुसणाऱ्या जंतूंसाठी. गोळी दिली की वरून थोडं पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननळीत चिकटून जखम करते. आणि खाणं महत्त्वाचं. मांजराला वास आला नाही तर ते खात नाही. जास्त उपाशी राहिलं तर लिव्हर जातं. वासाचं काहीतरी कोमट करून द्या."

"वाफ?"

"साध्या पाण्याची. बाम नको, कापूर नको. आणि माणसांची तापाची गोळी चुकूनही नको, मरेल ती." त्यांनी हात धुतले. "घरात धूर होतो काय? चूल, अगरबत्ती, काही?"

"नाही. गॅस आहे."

तिनं हे अगदी खात्रीनं सांगितलं. ज्याची खात्री नाही ते ती वर्गातसुद्धा सांगत नसे.

पुढचे दिवस एकासारखे एक गेले. पहाटे उठून वाफ, डोळे, नाक, औषध, वरून पाणी. मग बाबांचा चहा, बाबांची रक्तदाबाची गोळी, स्वयंपाक, बस. सकाळच्या वाफेनंतर कांडीचा श्वास सुटलेला असे; कधी ती स्वतःचा पंजा चाटे. रुपा थोड्या आशेनं घराबाहेर पडे. आणि संध्याकाळी परत यावं तर तीच घरघर, तेच उघडं तोंड, कधी सकाळपेक्षा वाईट. रविवार मात्र चांगला गेला. रुपा दुपारभर मागाच्या खोलीतच पेपर तपासत बसली होती, कांडी तिच्या मांडीवर. संध्याकाळपर्यंत तिचं नाक वाहतं राहिलं, म्हणजे सुटलं, आणि तिनं भाताचं कोमट पाणी चाटलं. सोमवारी संध्याकाळी सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

औषध तेच, मात्रा तीच. मग रविवारी वेगळं काय होतं? रुपा बसच्या खिडकीला डोकं टेकून यावर विचार करी. पण विचार पुरा व्हायच्या आत तिला झोप लागे.

त्या आठवड्यात संस्थेचे जुने अध्यक्ष वारले आणि श्रद्धांजलीची सभा घेऊन कॉलेज दुपारीच सुटलं. रुपा भर उन्हात घरी आली. गल्लीच्या तोंडाशीच तिला वास आला. ओवा, कडुलिंब, कापूर. वास ओळखीचा होता, इतका लहानपणाचा, की पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं.

मागाच्या खोलीत अंधार केलेला होता. मागावर चारही बाजूंनी वाकळ सोडली होती आणि तिच्या शिवणींमधून धूर पाझरत होता. सेवकराम वाकळीची एक कड हातात धरून पाटावर बसले होते.

"आली काय? बरं झालं लवकर आली," ते म्हणाले. "पाह्य, कशी शांत बसली."

त्यांनी वाकळ उचलून दाखवली. खड्ड्यात, एका कोपऱ्यात, मातीच्या शेगडीत निखारे होते. सुताच्या घरात विस्तवाची भीती असते. ठिणगी उडाली तर महिन्याचं काम जातं. म्हणून या गल्लीत शेगडी ठेवायची तर ती मागाच्या खड्ड्यातच, जमिनीखाली. बाळंतिणीच्या शेकापासून पोरांच्या धुरीपर्यंत सगळं तिथंच व्हायचं. रुपालाही लहानपणी तिथंच धुरी दिलेली होती. दुसऱ्या कोपऱ्यात कांडी बसली होती.

ती शांत नव्हती. मान लांब काढून, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून दूर फाकवून ती बसली होती. प्रत्येक श्वासाला तिचं पोट आत ओढलं जात होतं. ज्याला हवा पुरत नाही ते जनावर असं बसतं, कारण हलायला लागणारी हवाही त्याला परवडत नाही. रुपानं खड्ड्यात हात घालून तिला उचललं आणि परसात नेलं.

"अवं, काहून काढली? आत्ताच तर टाकला ओवा," सेवकराम मागून येत म्हणाले.

"रोज देऊन राहिले काय तुम्ही?"

"रोज. तू गेली की दुपारी. रविवारी तू पेपर घेऊन बसली होती, म्हणून राहिलं." मग ते ओट्यावर टेकले आणि गुडघा चोळत, सहज, एखादी चांगली गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "तुझ्या मायले मी अशीच देत होतो. तू लाखांदूरले नोकरीले होती तवा. शेवटचे दोन्ही हिवाळे, एक दिवस नाही चुकवला. मागावर वाकळ टाकली की धूर आतल्या आत राहे, वाया नाही जाये. पाय खड्ड्यात सोडून बसे ती. म्हणे, छाती मोकळी झाली."

रुपा कांडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा हात थांबला असता तर बाबांनी तिच्याकडे पाहिलं असतं.

आईच्या फुप्फुसांना झालेला आजार तिला नावानिशी माहीत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तिलाच फिल्म दाखवली होती. फुप्फुसं आतून चिवट होत जातात, स्पंजाचं चामडं व्हावं तशी. जन्मभर सुताची उडणारी बारीक तूस श्वासात गेलेली बाई. त्यावर उपाय नव्हता. धुरी दिली नसती तरी आई गेलीच असती. पण बंद वाकळीतल्या धुरानं तिचं काहीच बिघडलं नसेल, असंही रुपा म्हणू शकत नव्हती. थोडं बिघडलं असेल. किती, ते कोणालाच सांगता आलं नसतं. आणि बाबा थोडं आणि फार असा फरक करणारे नव्हते. त्यांना एवढंच कळलं असतं, की जे हातानं रोज दिलं ते विष होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आता राहू द्या धुरी. या औषधासंगं चालत नाही."

"असं काय," सेवकराम म्हणाले. "मले काय माहीत. तू सांगून जायचं ना."

ते उठून आत गेले आणि निखाऱ्यांवर पाणी टाकल्याचा आवाज आला.

संध्याकाळी भिंतीपलीकडच्या शकुनबाईंनी हाक मारली. त्यांनी वाटीत सुके झिंगे भाजून, ठेचून आणले होते. "घे. कोमट पाण्यात टाक. याचा वास नाही आला तर समज मांजरीले नाकच नाही," त्या म्हणाल्या. वाटी देऊन त्या निघाल्या नाहीत. भिंतीवर कोपर ठेवून त्यांनी आवाज खाली आणला. "आज धूर लवकर बंद झाला तुमच्याकडं."

"तुम्हाले दिसत होता?"

"दिसत होता म्हणजे? माझ्या वाळणाले वास लागते. तुझ्या मायच्या वेळीबी दिसे. राधा खोकलत बसे त्या वाकळीत. मग भाऊजी वाकळ काढत, अन् ती हासे त्यायच्याकडं पाहून. आता त्याच्यात मी काय बोलू?"

"नाही बोलल्या ते बरं केलं."

"तू तर बोलशील ना? मास्तरीण हायेस."

"कशाले बोलू?"

शकुनबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "वर्गात पोरायले सगळं खरंखरं सांगत असशील अन् घरी येऊन झाकून ठेवशील," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा होता, पण त्यांनी लगेच भिंतीवरून हात लांब करून रुपाच्या केसांतला कापसाचा धागा काढला. "जा. चेहरा पाह्य कसा झाला तुझा. जेवून घे."

झिंग्यांच्या वासानं घर भरून गेलं. कांडीनं बशीकडे नाक नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं. मग जिभेचं टोक बुडवलं. सेवकराम पुढं वाकून पाहत होते. तिनं चार-दोन वेळा चाटलं आणि दमून तिथंच बसली. "खाल्लं," ते म्हणाले, जणू ती ताटभर जेवली. त्या दिवशी ते स्वतः वाढून घेऊन जेवले.

धुरी बंद झाली आणि घरघर उतरत गेली. आता संध्याकाळ सकाळइतकीच बरी असे. रुपाला समाधान व्हायला हवं होतं. पण ती झोपून उठली तरी दमलेलीच असे, कारण औषधाचं ते खोटं वाक्य ती सतत सांभाळत होती. बाबा विचारत, "औषध संपलं की देता येईन ना धुरी?" ती म्हणे, "डॉक्टरले विचारू." बाबा म्हणत, "विचार."

पुन्हा दाखवायला जायचा दिवस आला तेव्हा सेवकरामांनी धोतर बदललं आणि टोपी घातली.

"तुम्ही कशाले येता, बाबा? गुडघे दुखतीन."

"मीच धरतो टोपली. तुझ्या हातात ती घाबरते."

"मी लवकर जाऊन येते. रिक्षा मिळत नाही तिकडं."

"मग चालू," ते म्हणाले आणि टोपली उचलून दाराबाहेरही गेले.

रस्ताभर रुपा डॉक्टरांना आधी एकट्यानं कसं गाठावं याचा विचार करत होती. पण दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर ओसरीतच उभे होते आणि टोपली पाहताच त्यांनी बोलावलं. छाती ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"मस्त. खूप फरक आहे. काय केलं, मॅडम?"

रुपा म्हणाली, "औषधच. आणि खाणं."

"अन् धुरी बंद केली," सेवकराम म्हणाले. त्यांना वाटलं, मुलगी त्यांचा भाग सांगायला विसरली. "मी देत होतो रोज, ओव्याची. या औषधासंगं चालत नाही म्हणून बंद केली. आता औषध संपलं की चालू करू काय, साहेब?"

"डॉक्टर, त्या गोळीचं—" रुपा म्हणाली.

पण डॉक्टर हसत होते, टेबल पुसत होते, त्यांना तिच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. "औषधाचा काही संबंध नाही, काका. धूर म्हणजे धूर. ज्याची छाती आधीच भरली आहे त्याला धुरात बसवलं की जीव घुसमटतोच. मांजर काय आणि माणूस काय. अजिबात नका देऊ."

"माणसालेबी?"

"कोणालाच," डॉक्टर म्हणाले आणि ओसरीवर आलेल्या गाईकडे वळले.

परतीच्या वाटेवर सेवकराम पुढं चालत होते. टोपली त्यांनी छातीशी धरली होती. रुपा एक पाऊल मागं चालत होती. एकदा ते अडखळले तेव्हा तिनं कोपराला धरलं आणि मग सोडलं नाही. घरी आल्यावर त्यांनी कांडीला खाली सोडलं आणि मागाच्या काठावर, ते विणायला बसत तिथंच, खड्ड्यात पाय सोडून बसले.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"कवापासून?"

"तुम्ही मले सांगितलं त्या दिवसापासून."

सेवकरामांनी मान हलवली. त्यांनी खड्ड्यातल्या काळ्या पडलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. "किती?" त्यांनी विचारलं.

रुपाला प्रश्न कळला. ती त्यांच्या शेजारी, जमिनीवर बसली. आता खोटं बोलायची तिच्यात ताकद नव्हती, आणि बाबांनाही ते नको होतं. "आईची छाती आधीच गेली होती, बाबा. सुताच्या तुसीनं. नागपूरले सांगितलंच होतं, की जास्त दिवस नाही. धुरी दिली नसती तरी ती राहिली नसती. धुरानं थोडा त्रास वाढला असेल. किती, ते सांगता येत नाही. कोणालेच नाही येत."

"थोडा."

"थोडा. मले वाटते, थोडा."

"ती म्हणे, मोकळं वाटते." त्यांचा आवाज उंच झाला नाही. "ते मले बरं वाटावं म्हणून म्हणे काय?"

रुपानं विचार केला. खरोखर विचार केला, कारण इथं चुकीचं उत्तर देऊन चालणार नव्हतं. "ऊब असते निखाऱ्याची," ती म्हणाली. "थंडीत उबेनं छातीले आराम पडते, ते खरं आहे. अन् तुम्ही तासभर जवळ बसत. दिवसभरात तेवढंच कोणी बसे तिच्याजवळ. तिले बरं वाटत असेल. ते खोटं नसेल."

"अन् खोकले?"

"खोकलत असेल."

"खोकले ती," सेवकराम म्हणाले. "मी म्हणो, कफ सुटून राहिला."

कांडी मागाच्या खांबाला अंग घासत आली, खड्ड्याच्या काठाशी थांबली, आणि आत उतरण्याऐवजी सेवकरामांच्या मांडीवर चढली. त्यांनी तिला हात लावला नाही. हात दोन्ही बाजूला जमिनीवर ठेवून ते तसेच बसून राहिले. बाहेर शकुनबाई वाळण उचलत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या.

"रोज दुपारी तेच काम होतं मले," ते काही वेळानं म्हणाले. "आता दुपारी काय करू मी?"

रुपा उठली. गॅसवर पाणी ठेवलं, उकळी आल्यावर पसरट भांड्यात ओतलं आणि कापडावर धरून त्यांच्या शेजारी आणून ठेवलं. कपाटातून एक पातळ चादर काढली. बाबांच्या डोक्यावरून, मांडीवरच्या कांडीवरून आणि भांड्यावरून ती सोडली, पण एक बाजू मोकळी ठेवली. "ही बंद करायची नाही," ती म्हणाली. "हवा येऊ द्यायची. भांडं तिच्या अंगाजवळ नाही आणायचं. पाणी निवलं की झालं."

"यात काय टाकलं?" चादरीच्या आतून आवाज आला.

"काही नाही."

"ओवाबी नाही?"

"काहीच नाही. नुसतं पाणी."

मग चादर हलली. त्यांनी हात उचलून कांडीच्या पाठीवर ठेवला असावा. रुपा भिंतीला टेकून खाली बसली. पेपर तपासायचे होते, भात लावायचा होता, औषधाची वेळ होत आली होती. पाणी निवेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले.